काट्याला भावना कळत नाहीत

चार गिटारवाले जमले, चहा झाला, की कुणीतरी हळूच काडी टाकतो: “बी. बी. किंगला कॉर्ड्स येत नव्हत्या.” मग पुढचा तासभर कुणी उठत नाही. काडी टाकणारा बहुधा तरुण असतो; बोटं तुफान पळतात आणि मुद्दे तयार असतात. समोर पन्नाशीचा कुणी असतो. त्याच्याकडे मुद्दे कमी, रेकॉर्ड्स जास्त. तरुण स्वर मोजतो, वेग मोजतो, आणि कोंडीत सापडलेला पन्नाशीवाला शेवटी म्हणतो, “ते सगळं ठीक आहे रे, पण त्याचा फील बघ.” इथे वाद थांबतो. फीलवर कोण काय बोलणार?

या वादात मला पन्नाशीवाल्याच्या बाजूचा धरतात, कारण इलेक्ट्रिक ब्लूज गिटारच्या पहिल्या रांगेत मी बी. बी. किंगला बसवतो. पण माझं खरं भांडण माझ्याच बाजूशी आहे. तरुणाचं म्हणणं चूक आहे, तरी ते निदान तपासून पाहता येतं. ‘फील’ हे उत्तर तपासताच येत नाही, आणि ज्याची बाजू घ्यायला ते पुढे सरसावतं त्याच्याच मेहनतीवर पाणी ओततं.

आधी तरुणाचा आरोप नीट मांडू, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. कॉर्ड्सची गोष्ट अफवा नाही, तो कबुलीजबाब आहे. यू-टू या आयरिश बँडवरच्या ‘रॅटल अँड हम’ या १९८८च्या चित्रपटात बी. बी. स्वतःच त्यांना सांगतो, की कॉर्ड्समध्ये आपली गती नाही. गाताना तो वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, हेही खरं. गिटारच्या लांबलचक मानेवरच्या वीतभर जागेत तो रमतो आणि मोजक्या स्वरांशी खेळतो. शेवटचा आणि सगळ्यात जोरकस मुद्दा: त्याने आणि त्याच्या पिढीने जे केलं ते एरिक क्लॅप्टनने केलं, स्टीव्ही रे व्हॉनने केलं, आणि वर आणखी बरंच केलं. मग चेल्यांपेक्षा गुरू मोठा कसा?

कॉर्ड्सपासून सुरुवात करतो. ब्लूजचा नेहमीचा आराखडा बारा बारांचा (बार म्हणजे तालाचं एक माप), चार-चार बारांच्या तीन ओळींचा. गायक ओळ म्हणतो ती साधारण दोन बारांत संपते आणि पुढचे दोन बार मोकळे राहतात. गाण्याचा सगळा डोलारा या मोकळ्या जागेवर उभा आहे. शेतात राबणाऱ्या टोळीत एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, चर्चमध्ये प्रवचनाच्या प्रत्येक वाक्याला मंडळींनी हुंकार द्यायचा, ही सवय त्या दोन बारांत शिरलेली आहे. बी. बी. ओळ गळ्याने टाकतो आणि उत्तर गिटारने देतो. गाताना तो वाजवत नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्याच प्रश्नावर बोलायचं नसतं. सूरसंगतीचा भार त्याच्या बँडमध्ये पियानो, ऑर्गन आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांवर असे. ऑर्गनवाल्याचं काम त्याने करायचं, तर पगारी ऑर्गनवाल्याने काय करायचं?

हे ऐकायचं असेल तर ‘लाइव्ह ॲट द रीगल’ काढा. २१ नोव्हेंबर १९६४ला शिकागोच्या रीगल थिएटरात झालेल्या कार्यक्रमाचं हे ध्वनिमुद्रण. गिटारचा एक तुकडा संपतो न संपतो तोच प्रेक्षकांतून किंकाळ्या येतात, आणि पुढची ओळ तो त्या किंकाळ्यांना वाट करून देऊनच सुरू करतो. म्हणजे तिथे उत्तर देणारे दोन आहेत, एक गिटार आणि दुसरं सभागृह. हे संभाषण ज्याला ऐकू येत नाही तो फक्त गिटारचे तुकडे कापून त्यांतले स्वर मोजतो. ‘द थ्रिल इज गॉन’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं १९६९च्या शेवटी आलं. त्याला ग्रॅमी मिळालं ते गाण्यासाठी, गिटारसाठी नव्हे. गिटारवाल्यांच्या वादात हा तपशील मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आता ते मोजके स्वर. ए सुरात वाजवायचं असेल तर दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटला षड्ज येतो. त्याच तारेवर बाराव्याला रिषभ. पहिल्या तारेवर शेजारीच मध्यम आणि पंचम, तिसऱ्या तारेवर अकराव्याला धैवत. जगभरचे गिटारवाले या चिमूटभर जागेला ‘बी. बी. बॉक्स’ म्हणतात. मोजलं तर पाच स्वर. पण बाराव्या फ्रेटवरचा तो रिषभ बोटाने आडवा ओढला, की तार ताणली जाते आणि स्वर चढतो. अर्धा स्वर ओढली तर कोमल गंधार, पूर्ण ओढली तर शुद्ध गंधार, आणि दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो गंधार, जो पियानोच्या कुठल्याच पट्टीवर नाही आणि ज्याच्यावर ब्लूज जगतो. एकच बोट, एकच फ्रेट. कागदावर एक ठिपका दिसतो, कानाला एक सबंध प्रदेश मिळतो. आपल्याकडच्या श्रोत्याला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. सतारीवर तार ओढून मींड काढताना त्याने जन्मभर पाहिली आहे. तरी गिटार हातात आली, की तोच श्रोता फ्रेट मोजायला लागतो.

मीही मोजलेले आहेत. ‘द थ्रिल इज गॉन’च्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा मी कागदावरून दहा मिनिटांत बसवला होता आणि मनाशी म्हटलं होतं, एवढंच? मग स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं. स्वर तेच होते, क्रम तोच होता, आणि ते कुठल्याशा लग्नाच्या बँडसारखं वाजत होतं. मी अर्थातच ठरवून टाकलं, की आपल्यात तो फील नाही, आपण मिसिसिपीत जन्मलो नाही, आपण दुःख भोगलेलं नाही. या समजुतीत काही वर्षं आरामात गेली. एक दिवस गंमत म्हणून मी स्वर मोजणारा ट्यूनर चालू ठेवून तोच तुकडा वाजवला. तार ओढली की काटा वर चढायचा, आणि प्रत्येक वेळी मुक्कामाच्या अलीकडेच थांबायचा. व्हायब्रेटो द्यायला गेलो की एकदा इकडे, दोनदा तिकडे, असा भरकटायचा. ट्यूनरला माझं बालपण ठाऊक नव्हतं. मी किती दुःख भोगलंय याची चौकशी त्याने केली नाही. माझा स्वर अपुरा पडतोय, एवढंच त्याने सांगितलं.

बी. बी. किंगचा काटा कसा स्थिर झाला, तेही पाहू. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट धातूची नळी तारांवर घासून वाजवायचा; त्या नळीने स्वर गळ्यासारखा थरथरतो. बी. बी.ला ती नळी काही जमेना. मग तो थरथराट त्याने नुसत्या बोटांनी काढायचं ठरवलं. बोट तारेवर रोवायचं, अंगठा मानेवरून सोडायचा, आणि मनगटातून सगळा पंजा फुलपाखराच्या पंखांसारखा हलवायचा. त्याच्या व्हायब्रेटोचा वेग आणि रुंदी इतकी एकसारखी आहे, की एका स्वरावर माणूस ओळखू येतो. ही न जमलेल्या गोष्टीवर शोधलेली तोड आहे आणि ती वर्षानुवर्षं घासून पक्की केलेली आहे. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले. सरावाला आपण ‘रियाज’ म्हणतो, गवयाने पहाटे उठून तासभर खर्ज लावला तर त्याला मानाने ‘मेहनत’ म्हणतो. मिसिसिपीच्या माणसाने तेच केलं, की त्याचं नाव ‘फील’ कसं होतं?

आता चेले आणि गुरू. इथे एक गुंता आहे: ज्या जागांवरून चेल्यांचं कौतुक होतं त्यांतल्या कितीतरी उसन्या आहेत. क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या १९६७च्या ‘स्ट्रेंज ब्रू’मधला त्याचा सोलो ऐका आणि मग बी. बी.च्याच पिढीचा अल्बर्ट किंग ऐका. १९८३मध्ये डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’मधून जगाने स्टीव्ही रे व्हॉनची गिटार पहिल्यांदा ऐकली, त्या सोलोतही अल्बर्टच्याच ओळखीच्या जागा आहेत. अल्बर्ट डावखुरा. उजव्या हाताची गिटार त्याने तारा न बदलता तशीच उलटी धरली. त्यामुळे बारीक तार वर, छताच्या बाजूला आली आणि तो ती सगळ्या पंजाच्या ताकदीने खाली ओढू लागला. इतरांची तार जिथे दमते तिथून त्याची पुढे जाते. त्याचा सूर ऐकून ‘काय वेदना आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी हे यंत्रशास्त्र पाहावं. १९८३च्या डिसेंबरात कॅनडाच्या एका टीव्ही स्टुडिओत अल्बर्ट आणि स्टीव्ही शेजारी बसून वाजले. ते ध्वनिमुद्रण १९९९मध्ये ‘इन सेशन’ या नावाने आलं. त्यात स्टीव्ही अफाट वाजला आहे, यात शंका नाही. पण कोण कुणाच्या बोलीत बोलतोय, हेही त्यात स्वच्छ ऐकू येतं.

न्यायाचं बोलायचं तर चेल्यांनी नवं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. जॉन मेयलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबरच्या १९६६च्या रेकॉर्डसाठी क्लॅप्टनने लेस पॉल गिटार मार्शल ॲम्पला जोडून, स्टुडिओत चालत नसे इतक्या मोठ्या आवाजात वाजवली. त्यातून जो जाड, लांबणारा स्वर निघाला तो त्याआधी नव्हता. स्टीव्हीने जाड तारा अर्धा स्वर उतरवून जो दणका काढला तो त्याचाच. हे श्रेय आहे आणि ते असंच, नेमकं सांगून द्यावं. मला वावडं आहे ते फक्त ‘वर आणखी बरंच’ या हिशेबाचं. एखाद्याने भाषा घडवली आणि दुसरा तीत भराभर बोलला, तर दोघांचे शब्द मोजून निकाल लागत नाही.

हा हिशेब कुणाला गिळतो, त्याचं उदाहरण देतो. १ ऑक्टोबर १९६६. स्थळ लंडनमधलं रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निक. जिमी हेंड्रिक्सला शहरात येऊन आठवडा झाला होता. क्रीमच्या कार्यक्रमात तो मंचावर चढला आणि त्याने एक गाणं असं काही वाजवलं, की क्लॅप्टन वाजवायचं सोडून आत निघून गेला. त्याच सुमारास लंडनच्या इस्लिंग्टन भागात एका भिंतीवर कुणीतरी क्लॅप्टनला देव ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे या प्रसंगाचं पुराण व्हायला वेळ लागला नाही: देवाला हरवणारा आला. हे पुराण मी शंभरदा तरी ऐकलं असेल. गाणं कोणतं होतं, हे सांगणारे त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गाणं होतं ‘किलिंग फ्लोर’. हाउलिन वुल्फ या गायकाचं, १९६४चं, शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीचं. आणि त्यातली ती गिटार, जिच्याशिवाय हे गाणं उभंच राहत नाही, ती ह्यूबर्ट सम्लिनची.

सम्लिन सांगायचा, की आरंभी तो पिकने वाजवायचा आणि गाण्याच्या अंगावर धावून जायचा. वुल्फने त्याला सुनावलं, पिक टाकून दे. नुसत्या बोटांनी वाजवू लागल्यावर तार खुडल्यासारखी, चिमटल्यासारखी वाजायला लागली आणि त्याला स्वतःचा आवाज सापडला. वुल्फच्या त्या डोंगराएवढ्या आवाजाखालून त्याची गिटार कुठूनही, कधीही उगवते, दोन-तीन स्वर टाकते आणि नाहीशी होते. सोलो मोजणाऱ्याला त्याच्याकडे मोजण्यासारखं काही सापडत नाही. ‘कोण श्रेष्ठ, क्लॅप्टन की हेंड्रिक्स’ या भांडणात ज्याच्या गाण्यावर लढाई झाली तो माणूस मैदानातही नसतो.

इथवर मी तरुणाशी बोललो. आता माझ्या बाजूच्या पन्नाशीवाल्याकडे वळतो.

‘फील’ हा शब्द निरागस नाही. रॉक आणि ब्लूजवर लिहिणाऱ्यांची जुनी सवय पाहा: गोरा वादक असला तर त्याचं तंत्र, त्याची साधनं, त्याचे प्रयोग, काळा वादक असला तर त्याचा आत्मा, त्याचं दुःख, त्याचं रक्त. एकाने कमावलं आणि दुसऱ्याला उपजत मिळालं, असा त्याचा अर्थ. उपजत मिळालेल्याचं श्रेय कोण कुणाला देतं? बी. बी. किंग तरुणपणी मिसिसिपीत ट्रॅक्टर चालवायचा, अल्बर्ट किंगने बुलडोझर चालवला, हे त्यांच्या वाजवण्याचं कारण म्हणून सांगितलं जातं. मिसिसिपी डेल्टाच्या कापसाच्या शेतांत हजारो माणसं राबली, हजारोंनी ट्रॅक्टर चालवले. दुःखानेच तार नेमकी ओढली जात असती, तर तिथे घरोघरी बी. बी. किंग निपजला असता. त्याच बी. बी.ने मेम्फिसमध्ये डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर रेकॉर्ड्स वाजवण्याची नोकरी केली. हे केंद्र संपूर्णपणे काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणारं अमेरिकेतलं पहिलं केंद्र. तिथे त्याच्या हाताशी रेकॉर्ड्सचा ढीग होता. टी-बोन वॉकर, लॉनी जॉन्सन, चार्ली ख्रिश्चन, पॅरिसचा जँगो राइनहार्ट ही त्याची आवडती नावं. हा माणूस भरपूर ऐकलेला, निवड केलेला, घडवलेला वादक होता. पण ट्रॅक्टरची गोष्ट रंगते आणि रेकॉर्ड्सच्या ढिगाची रंगत नाही.

या समजुतीने काय काय घडवलं! ब्लूज गायक मडी वॉटर्स १९५८मध्ये इंग्लंडला गेला तो शिकागोतली इलेक्ट्रिक गिटार घेऊन. तिथल्या रसिकांना शेतावरचा साधाभोळा गायक हवा होता; त्या आवाजाने ते दचकले. पुढच्या खेपेला बिचारा साधी गिटार घेऊन गेला, तर तोवर त्यांना इलेक्ट्रिक हवी झाली होती. १९६४मध्ये मँचेस्टरला टीव्हीवाल्यांनी एका बंद पडलेल्या स्टेशनावर सिस्टर रोझेटा थार्प आणि मडीसारख्या कलाकारांचा कार्यक्रम केला. त्यासाठी फलाट अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुनाट स्टेशनासारखा सजवला होता आणि प्रेक्षक समोरच्या फलाटावर बसवले होते. रोझेटा त्या सजावटीत शिरली आणि हातातल्या इलेक्ट्रिक गिटारवर असा करकरीत सोलो वाजवून गेली, की सजावटीकडे पाहायची गरज उरली नाही. सजावट भावनेची होती, हात कारागिराचा.

शिकागोचा बडी गायही याच चष्म्यातून पाहिला गेला. क्लबात तो गिटार फाटेल इतक्या आवाजात वाजवायचा, घोंघावणारा फीडबॅक मुद्दाम काढायचा. चेस कंपनीला तो गोंगाट वाटला आणि स्टुडिओत त्याला तसं वाजवू दिलं नाही. पुढे इंग्रज पोरांनी तोच गोंगाट विकून दाखवला. २०११मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा बडी गाय येऊन वाजवून गेला, आणि तेव्हापासून आमच्या बैठकांत ‘फील’वाल्यांना आणखी एक नाव मिळालं. मला विचाराल तर तो आवाज कुजबुजीपर्यंत खाली आणतो, बँडलाही दबक्या पावलांनी चालायला लावतो, आणि मग एकाच आघाताने सगळं छप्पर उडवतो. हा उजव्या हाताच्या वजनाचा आणि आवाजाच्या खुंटीचा हिशेब आहे. तो हिशेब शिकता येतो, चुकवता येतो, मोजताही येतो.

माझ्या बाजूची आणखी एक लाडकी समजूत अशी, की कमी स्वर म्हणजे खोल आणि वेग म्हणजे उथळ. हेही खोटं. फ्रेडी किंगचं ‘हाइड अवे’ हे गाणंच नाही, शब्दांविना गिटारवर चालणारा धडाका आहे, आणि त्यात काही उथळ नाही. उलट, हळू वाजवणाऱ्याने तार अर्धवट ओढली, तर तो खोल होत नाही, फक्त हळू आणि बेसूर होतो. अशा बैठका मी ऐकल्या आहेत. त्यांतल्या काही मी स्वतः वाजवल्या आहेत.

राहिल्या क्रमवाऱ्या. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या श्रेष्ठ गिटारवादकांच्या यादीत बी. बी. किंग २००३मध्ये तिसरा होता, २०११मध्ये सहावा झाला, २०२३मध्ये आठवा. तो वारला २०१५मध्ये. मेलेल्या माणसाचं वाजवणं दोन जागा खाली घसरलं असं मानायचं, की यादी कशावर चालते ते विचारायचं?

वाद घालूच नये असं मी म्हणत नाही. वादकांनी स्वतः पैजा लावल्या आहेत. मेम्फिस मिनीने आपल्याला दारूच्या बाटल्यांच्या पैजेवर कसं हरवलं, ते बिग बिल ब्रून्झीने आत्मचरित्रात रंगवून सांगितलं आहे. नवखा बडी गाय शिकागोच्या क्लबात मॅजिक सॅम आणि ओटिस रशसमोर पैजेला उभा राहिला होता. पण तिथे निकाल त्या रात्रीचा, त्या खोलीचा असायचा. साऱ्या काळाचा क्रमांक कुणी देत नसे. आणि पैज लावणारे एकमेकांच्या हातांकडे बघत असत. आपल्या वादांतही तेवढं आलं तरी पुष्कळ. अल्बर्टची तार कुठवर गेली, सम्लिनने कुठला स्वर गाळला, बी. बी.ने ते दोन बार कितीसे मोकळे ठेवले, यावर रात्रभर भांडा. मी चहा करतो. फक्त कोंडीत सापडलात की ‘फील’ म्हणून हात जोडू नका.

तो ट्यूनर अजून माझ्या टेबलावर आहे. बाराव्या फ्रेटवरचा तो रिषभ मी जवळजवळ रोज ओढतो. दहांतल्या एखाद-दोन वेळा काटा गंधाराच्या नेमक्या जागी जाऊन थांबतो, आणि बाहेर बसलेलं घरातलं कुणी म्हणतं, “आज छान वाजतंय, मूड दिसतोय.” त्या वेळी माझ्या मनात विशेष काहीच चाललेलं नसतं. तार पुरेशी ओढलेली असते, एवढंच.